सीना एरवी कोरडी, मग एवढं पाणी आलं कुठून?

गुरुजी, तुमचं पत्र मिळालं. माढा तालुक्यात सीनेच्या काठी तुमची शाळा आहे. सातवीची मुलं विचारतात, की नदी निम्मं वर्ष कोरडी असते, तर सप्टेंबर २०२५ मध्ये देवळाच्या पायरीपर्यंत पाणी चढलं ते कुठलं? गावात सगळे म्हणतात, धरणाचं सोडलं. आणि 'आमची नदी' हा प्रकल्प दिला तर निम्म्या मुलांनी भीमेवर लिहून आणलं, कारण "सीनेला इतिहास नाही." या दोन्हींवर काय सांगावं, असं तुम्ही विचारता.

माझी नोकरी नदीमापनात गेली. पट्टीवर पाण्याची उंची वाचायची, नावेतून किंवा पुलावरून वेगमापक सोडायचा आणि वेग व पात्राचा छेद यांचा गुणाकार करून विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतं ते, काढायचा. हे भीमेवरही केलं आणि सीनेवरही. त्यामुळे तुमच्या मुलांनी भीमेवर लिहून आणलं हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. सीना भीमेची धाकटी बहीण नाही. तिचा स्वभावच वेगळा आहे. तो कळला की मुलांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

आधी ती येते कुठून ते. सीनेचे उगम दोन सांगतात. एक नगरच्या पश्चिमेला जामगावाजवळ, दुसरा नगरच्या ईशान्येला जेऊरजवळ. (हे जेऊर नगरचं. आपल्या करमाळ्याचं रेल्वेचं जेऊर नव्हे. मुलं इथे हमखास गोंधळतात.) मलिक अहमद निजामशहाने १४९० च्या सुमारास अहमदनगर वसवलं ते याच नदीच्या डाव्या काठावर. म्हणजे एका राजधानीला जागा देऊन सीना निघते. पुढे आग्नेयेकडे उतरत एका बाजूला नगर आणि दुसऱ्या बाजूला बीड, मग एका बाजूला करमाळा आणि दुसऱ्या बाजूला परंडा अशी हद्द आखत येते. मग माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, आणि शेवटी हत्तरसंग कुडलला भीमेत मिळते.

आता मुलांना नकाशा पसरायला सांगा आणि फक्त भीमेवर बोट फिरवायला लावा. भीमाशंकरपासून खाली येताना तिला इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा मिळतात. बहुतेकांचं मूळ सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथे जून ते ऑगस्ट धो धो पाऊस. म्हणून सोलापुरात ढगही नसताना पंढरपूरच्या वाळवंटात पाणी चढतं. भीमेचा पूर हा बहुतेक वेळा घाटावरचा, पुण्याकडचा पाहुणा असतो.

मग सीनेवर बोट फिरवा. सह्याद्रीचा एक थेंबही तिच्यात येत नाही. तिचं सगळं पाणलोट पर्जन्यछायेत. जून-जुलैत आपल्याकडे वारं सुटतं, भुरभुर येते, नदीत डबकी साचतात, बस. पण तिच्या डाव्या अंगाला बालाघाटचा डोंगर आहे. मुलांना मोजायला लावा, सीनेला मिळणाऱ्या मोठ्या नद्या कुठल्या बाजूने येतात ते. जामखेडकडून खैरी, भूम-परंड्याकडून चांदणी आणि दुधना, धाराशिवच्या अंगाने उतरून बार्शी तालुका ओलांडत मोहोळात येणारी भोगावती, तिच्यात मिळणारी नागझरी, खाली सोलापूरजवळ आदिला. सगळ्या डाव्या हाताच्या. उजव्या बाजूला भीमेची हद्द इतकी जवळ आहे, की तिथून फक्त ओढे-ओघळी येतात. कुर्डुवाडीसारखं गाव या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यावर बसलं आहे. तिथे पडलेला पाऊस थोड्या अंतराच्या फरकाने एकतर भीमेत जातो नाहीतर सीनेत. तुमच्या शाळेच्या पश्चिमेला चढण कुठे संपते ते मुलांना चालत जाऊन शोधायला लावा. पाणलोटाची धार म्हणजे काय, हे फळ्यावर शिकवून कळत नाही.

तर हा बालाघाट भिजतो कधी? परतीच्या पावसात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तेलंगण-मराठवाडा ओलांडून आपल्याकडे सरकतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात एका रात्रीत जूनभराचा पाऊस पडून जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये हेच झालं, आणि सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात त्याहून फार मोठ्या प्रमाणात झालं. त्या वेळी सगळ्या डाव्या नद्या एकदम बोलल्या. दारफळ, उंदरगाव, वाकाव या तुमच्या शेजारच्या गावांनी काय भोगलं ते मी वेगळं सांगायला नको. लांबोटीला सोलापूर-पुणे महामार्ग बंद झाला, वडकबाळला विजयपूरचा रस्ता. वडकबाळला केंद्रीय जल आयोगाचं सीनेवरचं मोजणी ठिकाण आहे. त्या पुलाखाली मी उन्हाळ्यात बूट न भिजवता नदी ओलांडलेली आहे.

आता "धरणाचं पाणी सोडलं" या बोलण्याकडे येतो. यात राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. ज्याचा गोठा वाहून गेला त्याला हिशेब सांगत बसणं बरं दिसत नाही. पण मुलांना मात्र हिशेब द्यायलाच हवा, कारण पुढच्या पुरात त्यांना त्याचाच उपयोग होणार आहे.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर. नदीतून दिवसभर एक लाख क्युसेक वाहिलं तर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी जातं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). हे मुलांकडून पाटीवर करून घ्या: एक लाख गुणिले ८६,४०० सेकंद. तुमच्या वरच्या अंगाला सीनेवर असलेल्या सीना-कोळेगाव धरणाची सगळी साठवण पाच टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे वरून एक लाख क्युसेक येत असेल, तर हे धरण तळापर्यंत रिकामं असतं तरी चौदा तासांत काठोकाठ भरलं असतं. आणि सप्टेंबरच्या शेवटी कुठलं धरण रिकामं असतं? ते आधीच भरलेलं असतं. वरून जेवढं येतं तेवढं खाली द्यावंच लागतं, नाहीतर मातीचा बांध धोक्यात येतो.

दुसरी बाजूही मोजू. एक हजार चौरस किलोमीटरवर शंभर मिलीमीटर पाऊस पडला आणि निम्मा मुरला, निम्मा वाहिला असं धरलं, तर पावणेदोन टीएमसी पाणी होतं. वडकबाळच्या वरचं सीनेचं पाणलोट बारा हजार चौरस किलोमीटरच्या घरात आहे. सगळीकडे सारखा पाऊस पडत नाही हे खरं, पण आकडा कुठल्या पायरीवर जातो ते मुलांना दिसेल. वीस टीएमसी. शिवाय जमीन आधीच भिजून तुडुंब असेल तर निम्मं मुरत नाही. काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा असतात, पहिला पाऊस त्या पिऊन टाकतात. त्या भेगा मिटल्या की तीच जमीन चिकण होते आणि पाणी वरूनच पळवते. ऑगस्ट-सप्टेंबर आधीच ओला गेला असेल, तर शेवटच्या पावसाचं जवळपास सगळं पाणी नदीत येतं.

म्हणून गावात माझं उत्तर असं असतं: पाणी धरणाचं नव्हतं, धरणातून आलेलं होतं. धरणाकडे जाब मागायचा तो वेळेचा. दारं किती वाजता उघडली, खालच्या गावाला निरोप किती तास आधी पोचला, चांदणी आणि भोगावतीचं पाणी कधी येऊन मिळणार हे कुणी एकत्र मांडलं का. हा प्रश्न खरा आहे, आणि तो दर पावसाळ्यात विचारला पाहिजे.

आणखी एक कारण आहे, ते बोलायला कुणाला आवडत नाही. नदीचं पात्र आपण अरुंद केलं. पूर्वी सीनेत वाळू होती. उन्हाळ्यात बायका वाळूत झिरे खणून पाणी भरायच्या, आणि ते पाणी विहिरीपेक्षा गोड असायचं. वाळू ही नदीची टाकी. उपसा झाला, खाली खडक उघडा पडला, आणि टाकीच गेली. त्या जागी वेडी बाभूळ माजली. ती पुराला अडवते, अडलेलं पाणी काठ पोखरतं. काठावरची मळईची जमीन सुपीक, म्हणून बांध दरवर्षी हातभर नदीकडे सरकला. पंधरा-वीस वर्षं मोठा पूर आला नाही की माणसाला वाटतं नदी एवढीच. मग एक दिवस ती आपली रुंदी परत घेते. २०२५ मध्ये कितीतरी रानं नुसती बुडाली नाहीत, खरडून गेली. माती गेली, खाली मुरूम राहिला. बुडालेलं पीक पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं. गेलेली माती आणायला पिढी जाते.

हे नवं नाही याचा पुरावा तुमच्या शाळेपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. पुराने जिथे काठ ताजा कापला आहे, तिथे दरडीसमोर मुलांना उभं करा. (खाली नाही, समोर आणि लांब. ओली दरड ढासळते.) वर काळी माती, खाली पिवळट चिकण, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे. आणि मधूनच एक हातभर थर दिसेल नुसत्या गोट्यांचा आणि जाड वाळूचा. संथ पाणी गोटे वाहून आणत नाही. तो थर म्हणजे एक जुना मोठा पूर. काही दरडींत असे दोन-तीन थर मी पाहिले आहेत.

जुनं गावठाणही हेच सांगतं. आपल्याकडे गाव पांढरीवर आणि शेत काळीत, असं म्हणतात. ती पांढरी बहुधा उंचवट्यावर, नदीच्या वळणाच्या वरच्या बाजूला असते. जुन्या माणसांनी पाणी कुठवर येतं ते पाहून घरं बांधली. देऊळ त्याच उंचवट्याच्या कडेला. तुमच्या गावी २०२५ मध्ये पाणी देवळाच्या पायरीला लागून थांबलं असेल, तर पायरी तिथे योगायोगाने नाही. बुडाल्या त्या नंतरच्या वस्त्या.

आणि कोरड्या नदीचा दगा फक्त गरिबाच्या झोपडीलाच बसत नाही. सांगोला तालुक्यातलं खवासपूर मुलांना नकाशात दाखवा. ते माण नदीवर आहे. माणही सीनेसारखीच, एरवी वाळू आणि दगड. ऑक्टोबर १७०० मध्ये औरंगजेबाची छावणी त्या कोरड्या पात्रात आणि काठावर पसरलेली होती. रात्री वरच्या डोंगरात झालेल्या पावसाचं पाणी आलं, माणसं, जनावरं, तंबू वाहून गेले. पळापळीत बादशहा घसरून पडला, गुडघा निखळला, आणि तो लंगडेपणा शेवटपर्यंत राहिला. महिना बघा, ऑक्टोबर. परतीचा पाऊस. तीनशे वर्षांपूर्वीचा हा प्रसंग आणि तुमच्या गावचा पूर यांचं कारण एकच आहे.

मग इतिहास नाही कसा म्हणता येईल? उलट सीनेचा इतिहास भीमेच्या झगमगाटात दिसत नाही एवढंच. भीमेला पंढरपूर आहे, विठोबा आहे, वारी आहे. सीनेच्या काठी राजधानीही नाही (नगर सोडलं तर) आणि मोठं तीर्थही नाही. ती हद्दीची नदी आहे. हद्दीच्या नदीचा इतिहास दोन्ही काठांवर वेगवेगळा लिहिला जातो आणि मधे नदी रिकामी राहते.

करमाळ्याचा काठ इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, समोरचा परंड्याचा काठ निजामाच्या राज्यात. आपली म्हातारी माणसं अजूनही पलीकडच्या बाजूला 'मोगलाई' म्हणतात. इकडे एक कायदा, तिकडे दुसरा. नाणं वेगळं, जकात वेगळी. लेकी मात्र दोन्ही काठांवर दिल्या-घेतल्या जायच्या. निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या दिवसांत रझाकारांच्या भीतीने पलीकडची कुटुंबं नदी ओलांडून अलीकडे आली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि नदीवरची ही रेघ पुसली. कागदावर जिल्ह्याची हद्द म्हणून ती अजून आहे. तुमच्या वर्गात नक्की दोन-चार मुलं अशी असतील, की ज्यांची पणजी पलीकडची. त्यांना घरी विचारून यायला सांगा, ती नदी कशी ओलांडायची. भोपळ्यावर, काहिलीत की बैलाचं शेपूट धरून, उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

रेल्वे १८६० मध्ये सोलापुरात पोचली ती मोहोळच्या पुढे सीनेवर पूल बांधूनच. कोरड्या नदीवर एवढा लांब पूल कशाला, असं आगगाडीतून उन्हाळ्यात जाणाऱ्याला वाटतं. ज्यांनी बांधला त्यांनी पूरखुणा पाहिल्या होत्या. सोलापूरजवळचा एकरुख, म्हणजे हिप्परग्याचा तलाव १८७१ मध्ये सुरू झाला, तोही सीनेच्याच आदिला या उपनदीवर. त्यानंतर पाच-सहा वर्षांत १८७६ चा मोठा दुष्काळ आला. ज्या पाणलोटात एका साली माणसं पाण्यावाचून स्थलांतर करतात आणि दुसऱ्या साली पुरातून माणसांना बाहेर काढावं लागतं, ते एकच पाणलोट आहे. दुष्काळ आणि पूर इथे एकाच घरात राहतात. म्हणूनच या काठाने रब्बीची ज्वारी धरली. खरिपाला भरवसा नाही, पण परतीचा पाऊस काळ्या रानात एकदा मुरला की त्या ओलीवर मालदांडी कणसात येते. मालदांडीचा प्रसिद्ध ३५-१ वाण निवडला गेला तो मोहोळच्या संशोधन केंद्रात, सीना-भोगावतीच्या खोऱ्यातच. भाकरीचा इतिहासही नदीचाच इतिहास.

अलीकडे नदीचं रूप आणखी बदललं आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, आणि पुढे जोडकालव्याच्या बोगद्यातून भीमेचं पाणी सीनेत येऊ लागलं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, टाकून ते अडवतात, दोन्ही काठांनी मोटारी बसतात, ऊस उभा राहतो. म्हणून तुमच्या मुलांना उन्हाळ्यात जे पाणी दिसतं ते बरेचदा सीनेचं नसतंच, पुण्याच्या डोंगरात पडलेलं असतं. ज्वारीच्या काठाला ऊस मिळाला. यात पोटाचा प्रश्न सुटला हे मी मनापासून मान्य करतो. पण पावसाळ्याआधी सगळे बर्गे वेळेवर निघाले नाहीत, तर तोच बंधारा पुरात बांधासारखा वागतो आणि पाणी बाजूचा भराव फोडून शेतातून वाट काढतं. तुमच्या गावच्या बंधाऱ्याचे बर्गे कधी निघतात, याची नोंद मुलांनी वहीत ठेवली तरी मोठं काम होईल.

आणि आता सहलीचं. जमलं तर मुलांना हत्तरसंग कुडलला न्या. तिथे सीना आणि भीमा मिळतात. काठावर संगमेश्वराचं आणि हरिहरेश्वराचं देऊळ आहे. हरिहरेश्वराचं देऊळ मातीच्या ढिगाखालून मोकळं केलेलं आहे. तिथलं बहुमुखी शिवलिंग पाहून मुलं थक्क होतील. एकाच पाषाणात ३५९ मुखं, आणि लिंग स्वतः एक धरून ३६०. पण मला त्याहून प्रिय आहे ती संगमेश्वराच्या देवळातली तुळई. तिच्यावर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. कल्याणीच्या चालुक्यांचा तो काळ, आजूबाजूचे शिलालेख कानडीत, आणि त्यात ही मराठी ओळ: 'वाछि तो विजेया होईवा'. वाचील तो विजयी होईल. मराठीतला सर्वांत जुना लेख कुठला, यावर अभ्यासकांत वाद आहे. अक्षीचा लेख, श्रवणबेळगोळचा लेख असे दावेदार आहेत. तो वाद मुलांना सांगा, लपवू नका. पण हजार वर्षांपूर्वी कुणीतरी सीना जिथे संपते तिथे बसून मराठीत लिहिलं, यात वाद नाही. "सीनेला इतिहास नाही" म्हणणाऱ्या मुलाला ती ओळ मोठ्याने वाचायला लावा.

तोपर्यंत गावातलं एक काम उशीर न करता उरका. २०२५ च्या पुराची रेघ अजून भिंतींवर असेल. बाभळीच्या फांद्यांत अडकलेला पाचोळा, विजेच्या खांबावरचा चिखल, घराच्या भिंतीतली ओल. एक-दोन पावसाळ्यांत हे सगळं धुऊन जातं, रंग मारला की भिंतही विसरते. मुलांच्या चार तुकड्या करा. प्रत्येकीला एक दोरी, एक पारदर्शक नळी पाणी भरून (गवंडी लेव्हल काढतो तशी), आणि खडू. शाळेच्या जोत्यापासून प्रत्येक खुणेची उंची काढून घ्या. ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथे विचारा, यापूर्वी पाणी कुठल्या दगडापर्यंत आलं होतं, आणि तो दगडही त्याच मापात बसवा. मग शाळेच्या भिंतीवर तेलरंगाने एक आडवी रेघ आणि तारीख. रेघ मुलांच्या हातून काढून घ्या, आणि मापांची वही दप्तरात न ठेवता शाळेच्या कपाटात, सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा. या पुरात कितीतरी शाळांची खालची कपाटं भिजली.